पंखांचा जीर्णोद्धार

२६ सप्टेंबर २०२५ रोजी, ऐन नवरात्रात, चंदीगडच्या हवाई तळावर मिग-२१ या लढाऊ विमानाने भारतीय वायुसेनेचा निरोप घेतला. १९६३मध्ये दाखल झालेले हे विमान बासष्ट वर्षे देशाच्या सेवेत होते. तीन पिढ्यांचे वैमानिक त्याच्यावर शिकले, लढले, आणि त्यांतले कित्येक त्याच्यासह गेलेही. त्यानंतर पाचच दिवसांनी खंडेनवमी होती. त्या दिवशी आपल्याकडे तलवारीपासून कोयत्यापर्यंत आणि सुताराच्या रंध्यापासून कारखान्यातल्या यंत्रापर्यंत सगळ्याला गंधफूल वाहिले जाते. जे हत्यार आपल्यासाठी राबले, त्याच्यापुढे वर्षातून एकदा तरी हात जोडावेत, हा आपला संस्कार. परंतु या संस्काराला एक प्रश्न आपण सहसा विचारत नाही. ज्या शस्त्राचे काम कायमचे संपले, त्याचे काय करायचे? परंपरा सांगते, पूजा करा. व्यवहार सांगतो, भंगारात घाला. या दोहोंच्या मध्ये जतन नावाची एक तिसरी वाट आहे. ती कष्टाची आहे, खर्चाची आहे आणि विद्येची आहे. त्या वाटेवर आपण फारसे चाललो नाही, याचा एक बोलका पुरावा खुद्द काशीत सापडतो.

महामना मालवीयांनी स्थापन केलेल्या बनारस हिंदू विश्वविद्यालयाच्या आवारात एक मोडके विमान कित्येक वर्षे उघड्यावर पडून होते. अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांना शिकण्यासाठी म्हणून ते १९४७च्या सुमारास विश्वविद्यालयाला मिळाले. पुढे जेट विमानांचे युग आले, अभ्यासक्रम बदलले आणि त्याची गरज सरली. कापड कुजले, लाकूड वाळवीने खाल्ले, सांगाड्यातून झाडेझुडपे उगवली. १९८२मध्ये पीटर वॅचर नावाचा जुन्या मोटारींचा शौकीन इंग्रज प्रवासी तेथे आला. त्याने ते विमान पाहिले आणि त्यावरचा क्रमांक टिपून घेतला. तो होता आर ४११८.

त्या क्रमांकामागे काय दडले होते? हे हॉकर हरिकेन विमान १९४०च्या ‘बॅटल ऑफ ब्रिटन’मध्ये प्रत्यक्ष लढलेले होते. लंडनजवळच्या क्रॉयडन तळावरून त्याने ४९ उड्डाणे केली होती आणि शत्रूची पाच विमाने पाडण्यात त्याचा वाटा होता. १९४३च्या अखेरीस ते प्रशिक्षणासाठी जहाजाने हिंदुस्थानात आले आणि येथेच विसरले गेले. वॅचरने त्याचा नाद सोडला नाही. वर्षानुवर्षे पत्रव्यवहार केला, कचेऱ्यांचे उंबरठे झिजवले आणि २००१मध्ये ते विमान मायदेशी नेले. तेथील कारागिरांनी त्याचा सांगाडा सुटा केला, एकेक नळी तपासली, जुनी रेखाचित्रे मिळवली आणि तीन वर्षे काम केले. डिसेंबर २००४मध्ये, म्हणजे जन्मानंतर चौसष्ट वर्षांनी, ते विमान पुन्हा आकाशात झेपावले. तरुणपणी जे त्या विमानातून लढले होते, त्यांच्यापैकी एक वैमानिक तोवर हयात होते. त्यांनी आपले विमान पुन्हा उडताना पाहिले.

ही हकीकत सांगण्यामागे इंग्रजांविरुद्ध तक्रार करण्याचा हेतू नाही. त्यांनी हे विमान चोरून नेलेले नाही. रीतसर मागितले आणि आपण दिले. ते विमान लढले होते तेही त्यांच्या देशाच्या संरक्षणासाठी, तेव्हा ते तेथे परतले यात वावगे काहीच नाही. विचार करायचा तो एवढाच की, एकाच वस्तूकडे पाहणाऱ्या दोन दृष्टी किती वेगळ्या असू शकतात. एकाला त्यात रद्दी दिसली, दुसऱ्याला राष्ट्राचा ठेवा. रद्दी म्हणणाऱ्याच्या अंगी कौशल्य नव्हते असेही नाही. आपल्याकडे ते किती होते, हे पाहिले म्हणजे ही उदासीनता अधिकच बोचते.

१९४८ सालची गोष्ट आहे. दुसरे महायुद्ध संपल्यानंतर ब्रिटिशांच्या वापरातील अमेरिकन बनावटीची लिबरेटर ही चार इंजिनांची बॉम्बफेकी विमाने कानपूरजवळ गोळा करून ठेवलेली होती. अमेरिकेशी झालेल्या कराराप्रमाणे ती परत करायची अथवा निकामी करायची होती. म्हणून जाताना ब्रिटिशांनी ती जाणूनबुजून मोडली. कुठे ट्रकची धडक दिली, कुठे इंजिनात वाळू घातली, कुठे आतील उपकरणांवर कुदळी चालवल्या. ही विमाने पुन्हा उडणे शक्य नाही, असाच जाणकारांचा अभिप्राय होता. नव्या देशाच्या वायुसेनेजवळ तेव्हा बॉम्बफेकी विमाने नव्हती आणि ती विकत घेण्याइतके परकीय चलनही नव्हते. बंगळुरूच्या हिंदुस्थान एअरक्राफ्ट कारखान्यातील अभियंते आणि कारागीर कानपूरला गेले. एका विमानाचा पंख, दुसऱ्याचे चाक, तिसऱ्याचे इंजिन असे जुळवत त्यांनी ती विमाने निदान एका उड्डाणापुरती सज्ज केली. कारखान्याचे चाचणी वैमानिक जमशेद मुन्शी यांनी एकेक करून ती कानपूरहून बंगळुरूला उडवत नेली. तेथे त्यांची संपूर्ण दुरुस्ती झाली. अशी सुमारे चाळीस विमाने उभी राहिली आणि १९४८च्या नोव्हेंबरात त्यांच्या बळावर वायुसेनेची बॉम्बफेकी तुकडी उभारली गेली. ही विमाने थेट १९६८ अखेरपर्यंत आपल्या सागरावर टेहळणी करत राहिली. जगात इतरत्र ही जात नामशेष होत असताना भारतात ती कामावर होती.

निवृत्तीनंतर या लिबरेटरचे काय झाले? आज जगातील संग्रहालयांत जी मोजकी लिबरेटर शिल्लक आहेत, त्यांतील अनेक भारतीय वायुसेनेतून गेलेली आहेत. एक ब्रिटनच्या रॉयल एअर फोर्स संग्रहालयात आहे, एक कॅनडात, एक अमेरिकेच्या ॲरिझोना राज्यातील पिमा संग्रहालयात. अमेरिकेतील एका संस्थेने आपल्याकडचेच एक लिबरेटर पुन्हा बांधून १९८९मध्ये उडवले. स्पिटफायरचीही कथा तीच. १९७०च्या दशकाच्या अखेरीस आपल्या तळांच्या कडेला आणि प्रशिक्षणशाळांच्या मागे पडलेली स्पिटफायर विमाने परदेशी संग्राहकांनी शोधून विकत नेली. बंगळुरूजवळच्या जलाहळ्ळीच्या तंत्रशाळेत विद्यार्थ्यांनी हाताळलेले एक स्पिटफायर पुढे इंग्लंडमधील डक्सफर्डच्या हवाई प्रदर्शनांत हजारो प्रेक्षकांनी उडताना पाहिले. मृतवत् विमानाला जिवंत करण्याची किमया १९४८मध्ये आपल्या कामगारांनी करून दाखवली होती. ती गरजेपोटी केली. गरज संपताच ते कौशल्यही आपण विसरलो आणि ती विमानेही. २०१२मध्ये वायुसेनेला स्वतःच्या टायगर मॉथ या साध्या, कापडी पंखांच्या प्रशिक्षण विमानाला पुन्हा उडवायचे होते, तेव्हा ब्रिटनमधील तज्ज्ञांचे साहाय्य घ्यावे लागले. चौसष्ट वर्षांत हा उलटा प्रवास झाला. यात कुणा एका सरकारचा वा अधिकाऱ्याचा दोष नाही. आपल्या सामूहिक विस्मरणाचा तो दोष आहे.

ही विमाने तर इंग्रजांच्या युद्धातली. त्यांचे आपल्याला काय, असे कोणी म्हणेल. हा आक्षेप वरवर देशाभिमानाचा वाटतो, पण इतिहासाच्या कसोटीला उतरत नाही. १९३३च्या एप्रिलमध्ये कराचीला चार वापिटी विमानांनिशी भारतीय वायुसेनेची पहिली तुकडी सुरू झाली. १९४४मध्ये इम्फाळच्या वेढ्यात हीच पहिली तुकडी हरिकेन विमाने उडवत होती आणि तिचे नेतृत्व अर्जन सिंग करत होते. जपानी फौज त्या वेळी भारताच्या भूमीवर होती. त्या लढाईत जे शिकले, तेच तरुण तीन वर्षांनी स्वतंत्र भारताच्या कामी आले. २७ ऑक्टोबर १९४७ रोजी डाकोटा विमानांनी शीख पलटणीचे जवान श्रीनगरला उतरवले आणि काश्मीर वाचले. त्यापाठोपाठ स्पिटफायर आणि टेम्पेस्ट विमाने आली. ७ नोव्हेंबरला शालटेंगला टोळीवाल्यांची फळी मोडली, त्यात या विमानांच्या माऱ्याचा मोठा वाटा होता. काश्मीरच्या त्या मोहिमेत हवाई कारवाईची धुरा वाहून महावीरचक्राचे मानकरी ठरलेले आणि पुढे वायुसेनाप्रमुख झालेले हृषीकेश मुळगावकर हे मराठी मनाला अभिमान वाटावा असे नाव. ती यंत्रे परक्यांनी बनवली असतील, परंतु त्या घडीला ती आपली होती, आपल्या हातांनी चालवली होती आणि आपल्या भूमीसाठी लढली होती. जे शस्त्र आपल्या रक्षणासाठी उचलले गेले, ते आपल्या इतिहासाचा भाग झाले. त्याची भट्टी कुठली होती, हा प्रश्न त्यानंतर गौण ठरतो.

दुसरा आक्षेप पैशाचा. शाळा नाहीत, दवाखाने अपुरे आहेत, त्यात जुनी विमाने कुठे जपत बसायची? या आक्षेपाला उत्तर देताना आपल्या शेजाऱ्याकडे पाहावे. कराचीच्या वायुसेना संग्रहालयात १९६५च्या युद्धात हाती लागलेले आपले नॅट विमान त्यांनी जपून ठेवले आहे. २०१९च्या फेब्रुवारीत पडलेल्या आपल्या मिग-२१चे अवशेषही त्यांनी त्याच वर्षी प्रदर्शनात मांडले. तो देश श्रीमंत आहे म्हणून हे झाले नाही. आपल्या पुढच्या पिढीला कोणती कथा सांगायची, हे त्यांनी ठरवलेले आहे म्हणून झाले. ती कथा किती खरी, हा भाग वेगळा. आपल्याजवळ तर खरी कथा आहे. १४ डिसेंबर १९७१ हा एकच दिवस घ्या. त्या दिवशी श्रीनगरच्या आकाशात फ्लाइंग ऑफिसर निर्मलजितसिंग सेखों एकट्या नॅट विमानातून सेबर विमानांच्या झुंडीशी लढले आणि धारातीर्थी पडले. वायुसेनेला आजवर मिळालेले एकमेव परमवीरचक्र त्यांचे आहे. त्याच दिवशी ढाक्यात आपल्या मिग-२१ विमानांनी गव्हर्नरच्या निवासस्थानावर रॉकेटे डागली आणि पूर्व पाकिस्तानच्या गव्हर्नराने राजीनामा लिहून दिला. हे पाठ्यपुस्तकात चार ओळींत येते. नॅट विमान प्रत्यक्षात किती लहान असते, त्याच्या कोठडीसारख्या जागेत माणूस कसा बसतो, हे मुलाने डोळ्यांनी पाहिले की त्या चार ओळींना देह मिळतो.

मग आपण काहीच जपले नाही काय? तसे म्हणणे अन्यायाचे होईल. जपण्याची इच्छा आहे, म्हणूनच तर आपल्या अनेक शहरांत चौकाचौकांत निवृत्त विमाने उभी दिसतात. खांबावर चढवलेले विमान, त्याभोवती कठडा, शेजारी कोनशिला, उद्घाटनाला मान्यवर. हेतू चांगला, पण परिणाम उलटा. विमान हे दगडी शिल्प नव्हे. त्याची त्वचा म्हणजे मिलिमीटरभर जाडीचा ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूचा पत्रा. त्याच्या सांध्यांत पोलाद आहे, काही भागांत मॅग्नेशियमचा मिश्रधातू आहे. दोन वेगळे धातू जेथे टेकतात, तेथे पावसाचे पाणी साचले की विजेच्या घटातल्यासारखी क्रिया सुरू होते आणि त्यांतला एक धातू दुसऱ्यासाठी झिजू लागतो. ॲल्युमिनियम लोखंडासारखे तांबडे गंजत नाही. त्याची पांढरी पूड होते आणि पत्रे पापुद्र्यांसारखे सुटतात. बाहेरून रंग चकचकीत असतो आणि आत कणा पोकळ झालेला असतो. पाणी वाहून जाण्याची छिद्रे रंगाने बुजतात. पंखांच्या पोकळीत पाखरे घरटी करतात, त्यांची विष्ठा धातू खाते. उन्हाने कॉकपिटची काच पिवळी पडते, रबराच्या कडा फुटतात. सागरकिनारी खारी हवा हेच काम दुप्पट वेगाने करते. दर स्वातंत्र्यदिनाच्या आधी नव्या रंगाचा हात मारला की आपले कर्तव्य संपले असे आपण समजतो. खरे तर त्या रंगाखाली आपण एका विमानाचे सावकाश दफन करत असतो.

जतनाची विद्या याहून वेगळी असते. तिची सुरुवात रंगाने होत नाही, कागदाने होते. विमानाचा क्रमांक, त्याची नोंदवही, ते कोणत्या तुकडीत होते, कोणत्या दिवशी कोणी उडवले, कोणता भाग केव्हा बदलला, हे आधी शोधावे लागते. मग ते सुटे करायचे. प्रत्येक भागाचे छायाचित्र, माप, नोंद. क्ष-किरणांनी आतील भेगा पाहायच्या. स्पिटफायरच्या पंखाचा मुख्य कणा एकात एक बसवलेल्या चौकोनी नळ्यांचा असतो. त्या नळ्यांमध्ये शिरलेला गंज बाहेरून दिसत नाही, म्हणून तो उघडावाच लागतो. महायुद्धकालीन विमानांच्या तबकड्यांवर अंधारात चमकण्यासाठी रेडियमचा रंग दिलेला असे. तो आजही किरणोत्सारी आहे, तेव्हा तो हाताळण्याचे नियम पाळावे लागतात. जेट विमानांच्या आसनाखाली वैमानिकाला बाहेर फेकणारी स्फोटके असतात. ती काढल्याची खात्री झाल्याशिवाय कोणत्याही शाळेच्या अंगणात विमान पाठवू नये. शेवटचा प्रश्न सर्वांत अवघड असतो. जुने किती ठेवायचे आणि नवे किती घालायचे? सारे पत्रे बदलले, इंजिन दुसरे बसवले, मूळची केवळ क्रमांकाची पट्टी उरली, तर ते विमान तेच राहिले काय?

या प्रश्नाशी आपली ओळख जुनी आहे. आपल्या समाजाने देवळांचे जीर्णोद्धार शतकानुशतके केले आहेत. चांगल्या जीर्णोद्धारात जुना दगड जेवढा टिकेल तेवढा टिकवतात आणि नवा दगड जुन्याच्या जातीचा घालतात. वाईट जीर्णोद्धारात जुन्या कोरीव खांबांना तैलरंग फासला जातो आणि गाभाऱ्यात चकचकीत फरशी बसवली जाते. गडकोटांच्या बाबतीत आपण हा धडा उशिरा शिकलो. कित्येक गडांच्या चुनेगच्ची भिंतींवर सिमेंटचे लेप चढल्यानंतर शिकलो. जुलै २०२५मध्ये मराठ्यांच्या बारा किल्ल्यांना जागतिक वारसा म्हणून मान्यता मिळाली. तेव्हा आपल्याला आनंद झाला, पण मूळ बांधकामाला धक्का न लावता ते सांभाळण्याची जबाबदारीही त्याबरोबर आली. किल्ला हेही शेवटी युद्धाचेच साधन होते. शिवरायांच्या काळातील शस्त्र आपण ज्या आदराने जपू पाहतो, त्याच आदराने आपल्या वडिलांच्या पिढीचे शस्त्र का जपू नये?

जुनी विमाने उडवावीत की केवळ ठेवावीत, हा या क्षेत्रातील मोठा वाद. ब्रिटनच्या वायुसेनेने १९५७पासून एक स्मृतिपथक चालवले आहे. त्यात स्पिटफायर, हरिकेन आणि लँकेस्टर विमाने आहेत. उडणाऱ्या इंजिनाचा आवाज ऐकून जे अंगावर शहारे येतात, ते काचेआडच्या विमानाने येत नाहीत, हे खरेच. परंतु त्याची किंमतही आहे. २५ मे २०२४ रोजी याच पथकाचे एक स्पिटफायर कोसळून वैमानिक मृत्युमुखी पडला. १२ नोव्हेंबर २०२२ रोजी अमेरिकेत डॅलसच्या प्रदर्शनात महायुद्धकालीन दोन विमानांची आकाशात टक्कर होऊन सहा जण गेले. आमचे मत असे की, जे विमान आपल्या जातीचे अखेरचे वा अत्यंत दुर्मीळ आहे, अथवा जे प्रत्यक्ष युद्धात लढलेले आहे, ते कधीही उडवू नये. ज्या जातीची अनेक विमाने उरली आहेत, त्यांतले एखादे, सर्व दक्षता घेऊन, जरूर उडावे. आणि ज्यांना उडवता येत नाही, त्यांचे इंजिन तरी जमिनीवर वर्षातून काही वेळा चालू व्हावे. त्या निमित्ताने यंत्र हलते राहते आणि ते हलवणारे हात तयार होत राहतात.

या दिशेने झालेल्या चांगल्या कामाची नोंद घेतलीच पाहिजे. दिल्लीच्या पालम येथील वायुसेना संग्रहालयात वापिटी, हरिकेन, स्पिटफायर, टेम्पेस्ट ही विमाने छपराखाली आहेत. त्यांतले वापिटी तर जगात अत्यंत दुर्मीळ आहे. ज्या डाकोटांनी काश्मीर वाचवले, त्यांच्या स्मरणार्थ राजीव चंद्रशेखर यांनी आयर्लंडमधील भंगारातून एक डाकोटा घेऊन, ब्रिटनमध्ये ते दुरुस्त करवून वायुसेनेला अर्पण केले. त्यांचे वडील वायुसेनेत डाकोटा उडवत असत. ‘परशुराम’ हे नाव धारण केलेले ते विमान २०१८मध्ये स्वतःच्या पंखांनी उडत भारतात आले. मुलाने वडिलांच्या ऋणाची अशी फेड करावी, याहून सुंदर श्राद्ध कोणते? २०२३च्या मेमध्ये चंदीगडला वायुसेनेचे वारसाकेंद्र उघडले. आपल्या महाराष्ट्रात अहिल्यानगरचे रणगाडा संग्रहालय १९९४पासून देशविदेशांतील रणगाडे सांभाळून आहे. गोव्यात १९९८पासून नौदलाच्या हवाई दलाचे संग्रहालय आहे. विक्रांतवरून झेपावून १९७१मध्ये चितगाव आणि कॉक्स बझारवर तुटून पडलेल्या सी हॉक जातीचे विमान तेथे पाहता येते. मात्र तेथील बहुतेक विमाने उघड्यावर, समुद्राच्या वाऱ्यात उभी आहेत.

खुद्द विक्रांतचे काय झाले, हे मुंबईकरांना सांगायला नको. १९९७मध्ये ती निवृत्त झाली, काही वर्षे तरंगते संग्रहालय म्हणून बंदरात उभी राहिली. तिच्या कायमच्या जतनाच्या घोषणा अनेकदा झाल्या. निधी उभा राहिला नाही, तळ कमकुवत होत गेला आणि २०१४मध्ये दारूखान्याच्या किनाऱ्यावर तिचे तुकडे झाले. तिच्या पोलादाची पुढे मोटारसायकल निघाली, तेव्हा लोकांनी कौतुकाने ती विकत घेतली. लोकांच्या मनात प्रेम होते, याचा तो पुरावाच. उणीव होती ती त्या प्रेमाला वेळेवर योजनेचे रूप देणाऱ्यांची. भावना सतरा वर्षे जागी राहिली, योजना एक दिवसही जागी झाली नाही.

मिग-२१च्या बाबतीत ही चूक पुन्हा व्हायला नको, आणि ती टाळण्याची वेळ आत्ता आहे. या विमानाचे महाराष्ट्राशी नाते घट्ट आहे. त्याच्या बांधणीसाठी १९६४मध्ये नाशिकजवळ ओझरला कारखाना उभा राहिला आणि निफाड-दिंडोरीच्या परिसरातील हजारो घरांची चूल त्यावर पेटली. वायुसेनेने वापरलेल्या आठशेहून अधिक मिग-२१पैकी सहाशेहून अधिक भारतात बांधली गेली. ज्या हातांनी ती बांधली, ते हात आता थकले आहेत. कोणता सांधा कसा बसवायचा, कोणत्या खिळ्यापाशी रशियन रेखाचित्र चुकत होते, पावसाळ्यात कोणती वाहिनी दगा देत होती, हे पुस्तकात नसते. ते ओझर आणि नाशिकमधल्या निवृत्त कामगारांच्या ओठांवर आहे आणि दरवर्षी त्यांच्यापैकी काही जण ते बरोबर घेऊन जात आहेत. विमान जपायचे तर आधी ही स्मृती जपावी लागेल.

म्हणून चार गोष्टी तातडीने व्हाव्यात, असे आम्हांस वाटते. पहिली, देशभर चौकांत, शाळांत, उद्यानांत उभ्या असलेल्या प्रत्येक विमानाची क्रमांकासह गणना व्हावी. काशीच्या अंगणातल्या हरिकेनसारखा एखादा अनमोल ठेवा आजही कुठे पिंपळाखाली उभा नसेल कशावरून? दुसरी, जी विमाने प्रत्यक्ष युद्धात लढली त्यांची निवड करून ती छपराखाली आणावीत. चौकांसाठी हुबेहूब प्रतिकृती पुरेशा आहेत. तिसरी, विमान-जीर्णोद्धाराची विद्या औद्योगिक प्रशिक्षण संस्थांत आणि अभियांत्रिकी महाविद्यालयांत शिकवली जावी. ओझर त्यासाठी स्वाभाविक स्थान आहे. चौथी, या संग्रहालयांत केवळ विजयाचीच नव्हे, हानीचीही कथा सांगितली जावी. मिग-२१च्या शेकडो अपघातांत आपण अनेक तरुण वैमानिक गमावले. त्यांची नावे त्या विमानाशेजारी कोरलेली नसतील, तर ते जतन अर्धे आणि अप्रामाणिक ठरेल. मरुत या आपल्या पहिल्या स्वदेशी जेट लढाऊ विमानाची कथाही अशीच संपूर्ण सांगावी लागेल. १९६१मध्ये ते उडाले, १४७ बांधले गेले, १९७१च्या युद्धात लढले. पण त्याच्या तोलाचे इंजिन आपण देऊ शकलो नाही आणि १९९०पर्यंत ते संपले. जर्मनांनी आपल्या संग्रहालयात एक मरुत ठेवले आहे, कारण त्याचा आराखडा कुर्ट टँक या त्यांच्या अभियंत्याच्या नेतृत्वाखाली झाला होता. आपल्या मुलांनी ते पाहून विचारले पाहिजे, पुढचे पाऊल का अडले? अशा प्रश्नांतूनच पुढची विमाने जन्माला येतात.

सरकारने करायचे ते सरकार करील, न केल्यास त्याला जागे करावे लागेल. परंतु काही कामे समाजाचीच असतात. आपल्या गावातल्या चौकात विमान असेल, तर त्याचा क्रमांक टिपून घ्या. ते कोणत्या तुकडीचे होते, हे शोधायला शाळेतल्या मुलांना लावा. त्याच्या पंखांत पाणी साचत असेल, तर नगरपालिकेकडे अर्ज करा. शेजारी कोणी निवृत्त वायुसैनिक अथवा ओझरचा जुना कामगार राहत असेल, तर एखाद्या रविवारी त्यांच्यापाशी बसा आणि ते सांगतील ते ध्वनिमुद्रित करा. त्यांच्या ट्रंकेत नोंदवह्या असतील, छायाचित्रे असतील. त्यांच्यामागे घरच्यांनी ती रद्दीत घालण्याआधी ती मागून घ्या. या कामाला निधी लागत नाही आणि कोणाची परवानगीही लागत नाही.

खंडेनवमीला आपण शस्त्राला गंध लावतो, पण त्याआधी ते घासूनपुसून लख्ख करतो, गंज काढतो, तेल देतो. गंजलेल्या तलवारीला कोणी कुंकू वाहत नाही. आपल्या पूर्वजांनी पूजेच्या आधी निगा ठेवली, ही त्यांची व्यवहारदृष्टी. येत्या खंडेनवमीला आपापल्या गावातल्या त्या खांबावरच्या विमानाकडे एकदा मान वर करून पाहावे आणि आपण त्याची पूजा मांडली आहे की उपेक्षा, हे स्वतःशीच ठरवावे.